मुतखडा: आधी वाट विचारा, मग यंत्र

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते मध्य प्रदेश शासनाच्या लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागात उपयंत्री आहेत.)



मला मंडळाने विषय दिला होता ‘आपल्या भागातलं पाणी’. असीरगढच्या पायथ्याच्या गावांत नळयोजना आणि हातपंप यांचं काम मी करतो, म्हणून तो विषय माझ्याकडे आला. पण गेली कित्येक वर्षं मी पाण्याबद्दल बोलायला उभा राहिलो की दुसराच प्रश्न येतो. ‘साहेब, ह्या पाण्याने पथरी होते का?’ आणि त्याच्या मागोमाग, ‘आमच्या ह्यांना डॉक्टरने लेझर सांगितलंय, करावं का?’ म्हणून सचिवांची परवानगी घेऊन विषय थोडा वळवला. घरात आपण मुतखडा म्हणतो, घराबाहेर पडलो की पथरी म्हणतो, डॉक्टरसमोर बसलो की स्टोन म्हणतो. वस्तू एकच. बाप्पासमोर हा शब्द कसा उच्चारायचा असं आमच्या सौ.ने विचारलं होतं. तो विघ्नहर्ता आहे, समजून घेईल.

मी डॉक्टर नाही, स्थापत्याचा डिप्लोमा झालेला माणूस आहे. आज जे सांगणार आहे ते आपल्या मंडळातल्या दोन डॉक्टरांनी आधी वाचून तपासलं आहे. पण आमच्या घरात तीन जणांचे खडे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी निघाले. वडिलांचा १९८७ साली पोट चिरून, मोठ्या मेव्हण्यांचा पाठीतून, आणि माझा स्वतःचा २०१९ मध्ये लघवीच्या वाटेने. तिघांनाही नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारला, ‘लेझरने का नाही केलं?’ माझा तर लेझरनेच फोडला होता, तरीही विचारला.

ह्या ‘लेझर’ शब्दाने फार गोंधळ घातला आहे. भिंतीवरच्या जाहिराती वाचल्या तर वाटतं, एका बाजूला जुनं ऑपरेशन आणि दुसऱ्या बाजूला लेझर, असे दोनच प्रकार आहेत. तसं नाही. लेझर हे फक्त खडा फोडायचं हत्यार आहे, घणासारखं. खऱ्या फरकाची गोष्ट आहे खड्यापर्यंत जायची वाट. आज तशा तीन वाटा आहेत. शरीरात काहीच न घालता बाहेरून फोडणं, लघवीच्या मार्गाने खालून वर जाणं, आणि पाठीला लहान छिद्र पाडून सरळ मूत्रपिंडात उतरणं. चौथी, पोट किंवा कूस चिरून जायची जुनी वाट, आता क्वचितच लागते. डॉक्टरने ‘दुर्बिणीने करू’ म्हटलं तर पहिला प्रश्न हा विचारायचा: दुर्बीण कुठून घालणार? कारण खालून आणि पाठीतून, दोन्हीला आपण दुर्बीणच म्हणतो.

आता आधी नळजोडणी समजून घेऊ, ती मला जास्त जमते. मूत्रपिंड म्हणजे वरची टाकी. तिच्यातून एक नळी खाली मूत्राशयापर्यंत येते, साधारण पंचवीस सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर. ह्या नळीत तीन अरुंद जागा आहेत. मूत्रपिंडातून निघते तिथे, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जाते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. खडा अडकतो तो बहुतेक ह्या तीनपैकी एका जागी. टाकीत पडून असलेला खडा वर्षानुवर्षं दुखत नाही. नळीत आला की माणूस जमिनीवर लोळतो.

आणि इथेच धोक्याची गोष्ट आहे, जी मला आज सगळ्यात जास्त सांगायची आहे. दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं नाही. माझ्या ओळखीचे एक पंपचालक आहेत, त्यांचं नाव-गाव सांगत नाही. त्यांना कळ यायची, उलट्या व्हायच्या. कुणीतरी त्यांना पथरी ‘ओढून’ काढणाऱ्या बाबाकडे नेलं. बाबाने कमरेला तोंड लावून ओढल्यासारखं केलं आणि तोंडातून दोन खडे काढून हातावर ठेवले. आठ दिवसांत दुखणं थांबलं. ते खडे त्यांनी कागदात बांधून देव्हाऱ्यात ठेवले होते, मी पाहिले आहेत. आमच्या रेतीच्या ढिगात असले हजार मिळतील. दोन वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं की खडा नळीत जागच्या जागी आहे आणि त्या बाजूचं मूत्रपिंड पाण्याच्या फुग्यासारखं होऊन निकामी झालं आहे. निचरा बंद झाला की सुरुवातीला दाब वाढतो, म्हणून दुखतं. पुढे मूत्रपिंड लघवी तयार करणंच कमी करतं, दाब उतरतो, दुखणं जातं. आपल्याला वाटतं गुण आला. म्हणून कळ थांबली तरी पुन्हा सोनोग्राफी करून खडा खरोखर गेला हे बघायचं. ह्यात ऑपरेशनचा प्रश्नच नाही, फक्त बघायचं आहे.

प्रत्येक खड्याला ऑपरेशन लागतं असंही नाही. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात. पाच ते दहामधल्यांचं निम्मं-निम्मं धरा. ताप नसेल, दुसरं मूत्रपिंड ठीक असेल, कळ गोळीने आटोक्यात येत असेल, तर डॉक्टर चार ते सहा आठवडे वाट पाहतात. युरिक ॲसिडचे खडे तर औषधाने लघवीचा आम्लपणा कमी केला की विरघळू शकतात. पण वाट पाहणं वेगळं आणि विसरून जाणं वेगळं.

आता पहिली वाट, बाहेरून. ह्या यंत्राची जन्मकथा इंजिनियर माणसाला आवडेल अशी आहे. जर्मनीतली डॉर्निअर ही विमानांची कंपनी. अतिवेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळतात तेव्हा धातूच्या आत आघाताच्या लहरी कशा जातात, ह्याचा अभ्यास तिथे चालला होता. त्यातून कुणाच्या तरी लक्षात आलं की अशी लहर पाण्यातून आणि मऊ मांसातून फारसं नुकसान न करता जाते आणि कठीण वस्तूला भिडली की तिथे जोर सोडते. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक इथे ख्रिश्चन चौसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णाचा खडा असा फोडला. तेव्हा रुग्णाला पाण्याच्या टबात बसवावं लागे. आता टब गेला, पाण्याची उशी कमरेला टेकवतात. चिरा नाही, बहुतेकांना पूर्ण भूल नाही, संध्याकाळी घरी.

मग सगळ्यांचं असंच का करत नाहीत? कारण यंत्र खडा फोडतं, काढत नाही. चुरा आपल्याच नळीतून बाहेर पडायचा असतो. खडा दोन सेंटीमीटरच्या वर असेल तर चुरा इतका होतो की नळीत त्याची रांग लागून तुंबा होतो. खडा मूत्रपिंडाच्या तळाच्या कप्प्यात असेल तर फुटूनही तिथेच बसतो. ज्यांनी घरची टाकी धुतली आहे त्यांना हे लगेच कळेल: आउटलेटच्या खाली बसलेला गाळ नळ सोडल्याने निघत नाही. म्हणून तळाच्या कप्प्यातला खडा एक सेंटीमीटरहून मोठा असेल तर ह्या पद्धतीचा फार आग्रह धरू नये. खडा किती कठीण आहे तेही बघावं लागतं. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘एचयू’ म्हणून एक आकडा असतो, हाउन्सफील्ड नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावावरून. तो हजाराच्या वर असेल तर बाहेरून फोडायला खडा दाद देत नाही. अंगाने फार स्थूल माणसाच्या बाबतीत लहर खड्यापर्यंत पोचेपर्यंत क्षीण होते. गरोदर बाईला हे करत नाहीत, रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर ती आधी थांबवावी लागतात. आणि एका बैठकीत काम होईलच असं नाही, दुसरी-तिसरी लागू शकते. पैसे मोजताना हे धरायचं.

दुसरी वाट खालून. लघवीच्या मार्गाने मूत्राशयात, तिथून नळीत. चिरा ह्यातही नाही, पण भूल लागते. नळीत अडकलेल्या खड्याला, विशेषतः खालच्या भागातल्या, ही वाट फार चांगली. सरळ, ताठ दुर्बीण जाते, लेझरने खडा फोडतात, तुकडे जाळीच्या टोपलीत धरून बाहेर काढतात. ह्याच वाटेने आणखी वर, मूत्रपिंडाच्या आत जायचं असेल तर वाकणारी दुर्बीण लागते. त्याला आरआयआरएस म्हणतात. ही दुर्बीण नाजूक, महाग आणि लवकर खराब होणारी, म्हणून ह्याचा खर्च चढा. दोन सेंटीमीटरपर्यंतच्या खड्याला ती छान. बाहेरून फोडता न येणारा कठीण खडा असेल, किंवा रक्त पातळ करण्याची औषधं थांबवता येत नसतील, तरी ही वाट खुली असते. पण दोनाच्या वर गेलं की बारीक वाटेने मोठं घर रिकामं करण्यासारखं होतं. वेळ लागतो, आत दाब वाढून संसर्ग रक्तात जायचा धोका वाढतो, आणि पुष्कळदा दुसऱ्यांदा जावं लागतं. कधी कधी नळी इतकी अरुंद निघते की पहिल्या दिवशी दुर्बीण वर जातच नाही. मग स्टेंट घालून आठ-पंधरा दिवस थांबतात, नळी सैल झाल्यावर पुन्हा. हे डॉक्टरचं अपयश नव्हे. नातेवाईक इथे भांडतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

तिसरी वाट पाठीतून, पीसीएनएल. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये फर्नस्ट्रोम आणि योहानसन यांनी मुद्दाम वाट तयार करून खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं. पाठीला साधारण एक सेंटीमीटरचं छिद्र, सोनोग्राफी किंवा एक्सरे बघत सुई मूत्रपिंडात, मग ती वाट रुंद करत जायचं, दुर्बीण घालायची, खडा फोडून तुकडे थेट बाहेर. दोन सेंटीमीटरहून मोठ्या खड्यांना, आणि हरणाच्या शिंगासारख्या फांद्या फुटून सगळं मूत्रपिंड व्यापलेल्या खड्यांना, हीच पहिली पसंती. एका बैठकीत सगळ्यात जास्त खडा साफ करणारी पद्धत हीच. त्याची किंमतही आहे. मूत्रपिंडात रक्त भरपूर खेळतं, त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो, काहींना रक्त द्यावं लागतं. वरच्या भागातून छिद्र घेतलं तर छातीच्या पोकळीला इजा होऊ शकते. दोन-चार दिवस दवाखान्यात राहावं लागतं. मोठ्या मेव्हण्यांचा खडा अडीच सेंटीमीटरचा होता. त्यांना पाठीला भोक नको होतं, टीव्हीवर बघून ते आरआयआरएसच मागत होते. त्यांच्या डॉक्टरने सरळ सांगितलं, ‘ते करतो, पण दोनदा झोपवीन, आणि तरी तुकडा राहिला तर मला बोलायचं नाही.’ मग तयार झाले.

ही वाट आता बारीकही होत चालली आहे. मिनी पीसीएनएलमध्ये छिद्र निम्म्यावर आलं. गुजरातेत नडियादला मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल आहे. तिथल्या डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘मायक्रोपर्क’चा पहिला अनुभव प्रसिद्ध केला. त्यात सुईतूनच बघायचं आणि सुईतूनच लेझर घालायचा, सुई जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास. पण इतक्या बारीक वाटेने तुकडे बाहेर काढता येत नाहीत, म्हणून ती लहान खड्यांसाठीच. इथेही तेच गणित.

आपल्या खानदेशाचा ह्या विषयात जागतिक विक्रम आहे, हे किती जणांना माहीत आहे? बुऱ्हाणपूर ही एके काळी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी, त्यामुळे धुळ्याचा मान तो आपलाही समजायला हरकत नाही. ८ डिसेंबर २००९ रोजी धुळ्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ युरॉलॉजीमध्ये डॉ. आशिष रवंदळे-पाटील यांनी एका रुग्णाच्या एकट्या डाव्या मूत्रपिंडातून तीन तासांत १,७२,१५५ खडे काढले. गिनीज बुकात नोंद आहे. मोजणाऱ्यांना मी मनोमन नमस्कार केला. आम्हाला हातपंप मोजताना चुका होतात. आणि मुंबईत २००४ मध्ये आर. जी. स्टोन हॉस्पिटलमध्ये डॉ. हेमेंद्र शहा यांनी काढलेला एकच खडा रुंदीला १३ सेंटीमीटर होता, त्याचीही गिनीजमध्ये नोंद झाली. एकाकडे पावणेदोन लाख खडे, एकाकडे एक. म्हणून ‘माझे तीन आहेत, त्याचा एकच होता, त्याला बाहेरून केलं, मला पाठीतून का’ ह्या तुलनेला अर्थ नाही. किती आहेत ह्यापेक्षा केवढा, कुठे, किती कठीण आणि त्याच्या पुढची नळी मोकळी आहे का, ह्यावर वाट ठरते.

वडिलांच्या ऑपरेशनबद्दल थोडं. मी तेव्हा दुसरीत होतो. त्यांची खूण शेवटच्या बरगडीपासून पुढे पोटापर्यंत, वीतभर. दीड महिना कामावर नव्हते, पुढे कितीतरी दिवस मला कडेवर घेत नव्हते. आज लोक त्या डॉक्टरांना नावं ठेवतात की कापाकापी केली. त्या काळी आपल्या भागातल्या माणसाला जवळपास दुसरं काय मिळत होतं? तो खडा त्यांच्या आयुष्यात परत झाला नाही. आपल्याकडे सुश्रुताने मूत्राशयातला खडा काढायची शस्त्रक्रिया लिहून ठेवली, तेव्हा तीही शेवटचा उपाय म्हणूनच: न केली तर मरण नक्की, केली तर शंका, म्हणून राजाची परवानगी घेऊन करा असं तो सांगतो. आजच्या संमतिपत्राचा तो आजोबाच म्हणायचा. ते आपण न वाचता सही करतो, ही गोष्ट वेगळी.

ताप. खड्याची कळ आणि थंडी वाजून ताप, हे दोन्ही एकदम आलं तर ते साधं दुखणं नाही. तुंबलेल्या मूत्रपिंडात पू झाला असण्याची शक्यता असते आणि माणूस चोवीस तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर खडा काढत नाहीत. आधी स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून तुंबा मोकळा करतात, खडा नंतर. नातेवाइकांना वाटतं दोनदा बिल लावायचा धंदा आहे. गटार तुंबून घरात पाणी शिरलं की आपण आधी पाणी काढतो, पाइप नंतर बदलतो. तेच आहे हे.

आता स्टेंट. दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी असते, एक टोक मूत्रपिंडात, एक मूत्राशयात, ऑपरेशननंतर सूज उतरेपर्यंत लघवी वाहती राहावी म्हणून. ती असताना लघवीला जळजळ, वारंवार जावंसं वाटणं, थोडं रक्त, हे चालायचंच. मला सतरा दिवस होती, सतरा दिवस मी सगळ्यांवर खेकसलो. ती काही आठवड्यांत, फार तर डॉक्टरने सांगितलेल्या मुदतीत, काढायलाच लागते. काही लोक बरं वाटलं की जातच नाहीत. ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेरगावी निघून जातात. आपल्यापैकी पुष्कळ जण कुंडी भंडाऱ्यात उतरले असतील. १६१५ च्या सुमाराला अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात झालेली ही पाण्याची व्यवस्था, सातपुड्याचं झिरपतं पाणी बोगद्यातून शहरात आणणारी. आत भिंतींवर चुन्याचे पांढरे थर कसे चढले आहेत ते आठवा. विसरलेल्या स्टेंटवर तसेच थर चढतात, फक्त शतकं लागत नाहीत, महिने लागतात. मग तो ओढून निघत नाही. ज्याचा खडा खालच्या वाटेने सहज निघाला त्याला स्टेंटसाठी पाठीतून ऑपरेशन करावं लागल्याची उदाहरणं आहेत. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर दोन गोष्टी बघायच्या: स्टेंट आत आहे का, आणि काढायची तारीख काय. ती तारीख घरातल्या बाईने कालनिर्णयावर लिहायची, कारण पुरुष लिहीत नाहीत.

राहिला पाण्याचा प्रश्न, ज्यासाठी मला बोलावलं होतं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे, चहाच्या भांड्याला थर बसतो, खरं आहे. पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो असं धरलं आहे. पण भांड्यात थर बसतो म्हणून मूत्रपिंडात खडा बसतो, हे इतकं सरळ नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात हे खरं, तरी अभ्यासांतून जड पाण्यावर दोष ठामपणे सिद्ध झालेला नाही. कमी पाणी पिण्यावर मात्र झालेला आहे. लूमवर बारा तास उभा असलेला माणूस, मे महिन्यात केळीच्या बागेत घाम गाळणारी बाई, लघवीला जायची सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणारी शाळेतली मुलगी, ह्यांची लघवी घट्ट पिवळी होते. खडा तिथे धरतो. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी, त्यासाठी उन्हाळ्यात किती प्यावं लागेल ते आपल्या घामावरून ठरवायचं. महागडं मशीन विकणाऱ्यांचा मी शत्रू नाही, पण मुतखड्याच्या भीतीने कर्ज काढून आरओ घेऊ नका. दूधही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरून बाहेर नेतं, म्हणून दूध तोडल्याने उलट नुकसान होतं. तोडायचंच असेल तर मीठ तोडा. सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी लोणचं-पापड, संध्याकाळी पुन्हा शेव, हा आपला माळव्याकडून घेतलेला वारसा आहे, आणि मूत्रपिंडाला तो मानवत नाही.

कागदपत्रांबद्दल एक. आयुष्मान योजनेत खड्याच्या ह्या ऑपरेशनांची पॅकेजं आहेत, स्टेंट काढण्याचंही आहे. कार्ड आधी बनवून ठेवा, कळ उठल्यावर कुणाचा अंगठा मशीनवर लागत नाही. निघालेला खडा तपासायला पाठवायला सांगा. तो कशाचा आहे ते कळलं तर पुढचा टाळता येतो, आणि एकदा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते.

कुणाकडे सीटीचा किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट असेल तर उद्या घेऊन या. आपले दोन्ही डॉक्टर साडेपाचपासून मंडपाच्या डाव्या बाजूला बसणार आहेत. खडा केवढा आणि कुठे, ते तिथे समजावून सांगतील. माझ्याकडे रिपोर्ट आणू नका, माझ्याकडे हातपंपाची तक्रार आणा. आरतीला दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात दोन प्रश्न घेता येतील.